फलनाचे रूपांतर: सोपे काय होते, हरवते काय

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका एक यादी जाहीर करते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याची ती यादी. पुढच्या आठवड्यात किती पाऊस पडेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. भरतीची वेळ मात्र चार महिने आधी तास-मिनिटांसह छापता येते. भरतीच्या गणिताला एक रूपांतर पूर्णपणे लागू पडते, पावसाच्या गणिताला ते अर्धवटच लागू पडते. फरकाचे मूळ बरेचसे इथे आहे.

समुद्राची पातळी वेळेनुसार बदलते, म्हणून गणिती तिला काळाचे फलन म्हणतात. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून या पातळीची नोंद आहे. नोंदीची नुसती रेघ पाहिली तर चढउतार दिसतो, त्यामागची घडण दिसत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस अशी रेघ ठरावीक आवर्तनांच्या लहरींमध्ये सोडवून दाखवली. चंद्राची मुख्य लहर सुमारे १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही जुळल्या की अमावास्या-पौर्णिमेचे उधाण. एकमेकींच्या आड आल्या की अष्टमीच्या सुमाराचा भांग. लहरींची आवर्तने खगोलशास्त्राने आधीच दिलेली असतात. बंदराच्या नोंदीतून काढायची ती प्रत्येक लहरीची उंची आणि तिचा आरंभबिंदू. एवढे आकडे हाती आले की पुढच्या वर्षाचे वेळापत्रक म्हणजे निव्वळ बेरीज. ही बेरीज करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये बांधले गेले.

एक फलन घ्यायचे, ते दुसऱ्या मांडणीत लिहायचे, अवघड काम तिथे उरकायचे आणि पुन्हा मूळ मांडणीत यायचे, हा रूपांतराचा सगळा व्यवहार. दवाखान्यातल्या स्कॅनपासून मोबाइलपर्यंत आणि दुर्बिणीपासून हवामान खात्यापर्यंत तो चालतो. या पसाऱ्याचा आढावा घेताना प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारता येतात: नव्या मांडणीत कोणती क्रिया सोपी झाली, तिथून परत येता येते का, आणि या जाण्यायेण्यात काय गळाले? पहिल्या प्रश्नाचे कौतुक पाठ्यपुस्तके भरभरून करतात. माझ्या मते एखादे रूपांतर कुठे चालेल आणि कुठे फसेल हे तिसऱ्या प्रश्नावर ठरते.

गुणाकाराची बेरीज, अवकलनाचा गुणाकार

सर्वांत जुने आणि सर्वांच्या परिचयाचे रूपांतर म्हणजे लॉग. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये आपली कोष्टके छापली आणि गुणाकाराची बेरीज झाली. कॅल्क्युलेटर येईपर्यंत आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी लॉग टेबल हाती धरून हाच प्रवास केला: लॉग काढा, बेरीज करा, अँटिलॉगने परत या. आज कोष्टके गेली, पण मोजपट्ट्या राहिल्या. आवाजाचे डेसिबल, आम्लतेचा पीएच, भूकंपाची तीव्रता या सगळ्या लॉगच्या पट्ट्या आहेत. अफाट पल्ला त्या मूठभर अंकांत बसवतात आणि त्याची किंमतही वसूल करतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. ७.२ चा भूकंप वाचणाऱ्याला त्याच्या शेजारचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातून सुमारे ३२ पट ऊर्जा बाहेर पडते. शिवाय शून्याला लॉग नसतो, त्यामुळे ज्या आकडेवारीत शून्ये आहेत तिथे संख्याशास्त्रज्ञाला आधी काही तडजोड करावी लागते.

पुढची मोठी उडी घेतली ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी. तारयंत्राच्या केबलमध्ये संदेश का विस्कटतो, या प्रश्नाने पछाडलेला हा माणूस रीतसर विद्यापीठात शिकलेला नव्हता. काळासापेक्ष अवकलन करण्याऐवजी त्यांनी एका अक्षराने सरळ गुणायला सुरुवात केली आणि अवकल समीकरणे शाळेतल्या बीजगणितासारखी सोडवली. उत्तरे बरोबर येत, पण गणिती नाराज होते. पाया कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. तो पाया पुढे लाप्लास रूपांतराच्या रूपाने घातला गेला. आज लिफ्टची मोटर, विमानाचा स्वयंचालक किंवा वीजपुरवठ्याचे नियंत्रण आखताना अभियंता समीकरण सोडवतही बसत नाही. रूपांतरित फलन कोणत्या बिंदूंवर अनंताकडे जाते एवढे तो पाहतो. ते सगळे बिंदू प्रतलाच्या डाव्या अर्ध्यात असले तर यंत्रणा हेलकावे खात शांत होईल. एक जरी उजवीकडे गेला तर ती हाताबाहेर जाईल.

इथेही हप्ता भरावा लागतोच. ही सोय रेषीय यंत्रणेपुरती आहे, म्हणजे दुप्पट जोर लावला तर दुप्पट परिणाम देणाऱ्या यंत्रणेपुरती. झडप पूर्ण उघडली की ती आणखी उघडत नाही. त्या क्षणी कागदावरची हमी संपते.

फूरियेचा दावा

जोझेफ फूरिये हे ग्रनोबलचे प्रशासक. धातूच्या कांबीत उष्णता कशी पसरते याचा निबंध त्यांनी १८०७ मध्ये पॅरिसला सादर केला. कोणतेही फलन, त्याला कोपरे असोत वा खाचा, साइन-कोसाइनच्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते, असा त्यातला दावा होता. गणिती लाग्रांज यांना तो पटला नाही. गुळगुळीत लहरी रचून धारदार कोपरा कसा तयार होईल, ही शंका रास्त होती. तिचे निरसन करण्यात एकोणिसाव्या शतकातले विश्लेषणशास्त्र घडले. डिरिक्ले, रीमान आणि कँटर या तिघांचेही काम या प्रश्नाशी जोडलेले आहे. फूरियेचे पुस्तक छापून यायला मात्र १८२२ उजाडले.

लहरीच का निवडल्या, याला साधे कारण आहे. लहरीचे अवकलन केले तर त्याच वारंवारतेची लहर मिळते. त्यामुळे कांबीचे एक गुंतागुंतीचे समीकरण सुटून प्रत्येक लहरीचे स्वतंत्र, सोपे समीकरण होते. शिवाय दिसते असे की दाट लहरी फार वेगाने विझतात. लहर दुप्पट दाट असेल तर विझण्याचा वेग चौपट. म्हणूनच कांबीचे आजचे तापमान मोजून ती तासापूर्वी नेमकी कशी तापली होती हे सांगता येत नाही. बारीक तपशील निसर्गानेच पुसलेले असतात आणि ते परत मागितले तर मोजणीतल्या चुकाच फुगून समोर येतात.

यंत्रच रूपांतर मोजते तेव्हा

विसाव्या शतकात परिस्थिती उलटली. आधी माणूस फलन मोजून त्याचे रूपांतर करीत असे. आता कित्येक उपकरणे रूपांतरच मोजतात आणि मूळ फलन शोधून काढणे आपल्यावर सोपवतात.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की फिल्मवर उमटणारे ठिपके म्हणजे स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या घनतेचे फूरिये रूपांतर, पण अर्धेच. लहरी किती जोरकस आहेत हे कळते. त्या कुठून सुरू होतात, म्हणजे त्यांची कला, फिल्मवर येत नाही. १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉसलिंग यांनी टिपलेल्या डीएनएच्या छायाचित्रात फुलीसारखी आकृती दिसली. सर्पिल आकाराचे रूपांतर असेच दिसते हे त्याच सुमारास गणिताने निघाले होते. फुलीवरून सर्पिल ओळखता आला, पण अणूंच्या जागा थेट वाचता येणे शक्य नव्हते. हरवलेली कला संख्याशास्त्राच्या वाटेने परत मिळवण्याच्या पद्धतीसाठी हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सीटी स्कॅनची कथा वेगळ्या रूपांतराची आहे. एखाद्या प्रतलातल्या फलनाच्या सर्व सरळ रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर मूळ फलन परत मिळते, हे योहान राडोन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केले. तेव्हा त्याला काही उपयोग नव्हता. शरीरातून आरपार जाणारा क्ष-किरण नेमकी अशीच बेरीज आणतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. एका छेदासाठी १८० कोनांतून प्रत्येकी १६० नोंदी, म्हणजे २८,८०० बेरजा. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

या कथेत एक भारतीय प्रकरण आहे आणि ते आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. या बेरजांवरून प्रतिमा बांधण्याची त्या वेळची गणिती वाट फूरिये रूपांतरातून जात होती. तिच्यात अडचण अशी की कोनाकोनाने मिळालेले आकडे चौकोनी जाळीवर बसवावे लागत आणि त्यात चुका शिरत. १९७१ मध्येच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दाखवले की प्रत्येक कोनाची नोंद एका ठरावीक गाळणीतून काढून सरळ मागे पसरवली तर फूरियेच्या मांडणीत जायची गरजच उरत नाही. काम जलद झाले आणि चित्रही स्वच्छ आले. पुढच्या पिढीतल्या स्कॅनरांनी अनेक वर्षे याच घराण्याची पद्धत वापरली. रूपांतर पूर्ण उमजले असेल तर ते कुठे टाळायचे हेही कळते.

एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्राला उतार दिला की अँटेनाला मिळणारा संकेत हाच प्रतिमेच्या फूरिये रूपांतराचा एकेक बिंदू असतो. खगोलशास्त्रात हीच गोष्ट आभाळाएवढी होते. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी गुणले की आकाशाच्या चित्राचा एक फूरिये घटक मिळतो. ३० अँटेनांच्या जोड्या ४३५. पृथ्वी फिरत जाते तशा या जोड्यांच्या दिशा आणि अंतरे बदलतात आणि आणखी घटक भरत जातात. तरीही जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या जागांमुळे चित्रात प्रत्येक ताऱ्याभोवती खोटी वलये उठतात. ती साफ करण्याच्या पद्धतीवर १९७४ पासून सतत काम चालू आहे. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ आपला बराच वेळ न मोजलेल्या घटकांचा हिशेब लावण्यात घालवतो.

वेगाचा प्रश्न

हे सगळे कागदावर सुंदर असले तरी यंत्रात उतरायला वेग हवा होता. दहा लाखांवर नोंदींचे फूरिये रूपांतर सरळ मार्गाने करायचे तर सुमारे एक लाख कोटी गुणाकार होतात. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हेच काम सुमारे दोन कोटींत भागते. यामागची निकड शीतयुद्धाची होती: सोव्हिएत भूमीवरचे अणुस्फोट दुरूनच भूकंपमापकांच्या नोंदींतून ओळखायचे होते. पुढे उलगडा झाला की गाउस यांनी हीच युक्ती १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा मोजताना वापरली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि विस्मृतीत गेली.

आज हे जलद रूपांतर प्रत्येकाच्या खिशात अखंड चालते. ४जी मोबाइलमध्ये २० मेगाहर्ट्‌झचा पट्टा १५ किलोहर्ट्‌झ अंतराच्या १,२०० उपवाहकांत वाटलेला असतो. इमारतींवर आपटून आलेले प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून संदेश बिघडवतात. काळाच्या मांडणीत तो गुंता सोडवणे जिकिरीचे आहे. वारंवारतेच्या मांडणीत प्रत्येक उपवाहकाला एका संख्येने भागले की काम झाले. मोबदल्यात प्रत्येक संदेशखंडाचा शेवटचा तुकडा त्याच्या पुढे पुन्हा जोडावा लागतो, म्हणजे थोडा वेळ वाया जातो. आणि गाडीचा वेग फार वाढला की उपवाहक एकमेकांत सांडू लागतात.

संगणकीय सुरक्षेत तर हे घराणे दोन्ही बाजूंनी लढते. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली क्वांटम पद्धत फूरिये रूपांतराच्या बळावर प्रचलित कुलुपे उघडू शकते. त्या धोक्याला उत्तर म्हणून अमेरिकेने २०२४ मध्ये प्रमाणित केलेले नवे कूट पूर्णांकांवरच्या अशाच रूपांतराने आपले गुणाकार उरकते.

जाणूनबुजून गाळणे

आतापर्यंत गळती ही आपत्ती होती. नासिर अहमद यांनी तिचा धंदा करून दाखवला. बंगळुरूत जन्मलेले अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. कोसाइन रूपांतराच्या कल्पनेसाठी त्यांनी मागितलेले अनुदान नाकारले गेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ च्या जेपेग प्रमाणाचा तो कणा झाला.

फोटोचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाचे ६४ आकडे ६४ कोसाइन लहरींत लिहायचे. फूरिये रूपांतर प्रत्येक चौकोन पुन्हा पुन्हा येतो असे धरते, त्यामुळे कडेला खोटी उडी तयार होते. कोसाइन रूपांतर चौकोनाचे आरशातले प्रतिबिंब शेजारी असल्यासारखे वागते. उडी नाहीशी होते आणि बहुतेक ऐवज पहिल्या काही लहरींत गोळा होतो. इथवर काहीही हरवलेले नसते. हरवते ते पुढच्या पायरीवर, दाट लहरींचे आकडे ठोकळमानाने लिहिताना. डोळ्याला त्यांचे फारसे सोयरसुतक नसते, म्हणून फोटो चांगलाच दिसतो. पण हाच नियम पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांना लावला की फसतो, कारण अक्षराची कड म्हणजे दाट लहरींचाच खेळ. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या सातबाऱ्याच्या फोटोत अक्षरांभोवती दिसणारी राखाडी कुसळे ही त्याचीच खूण.

केव्हा आणि किती

फूरिये रूपांतराचा एक दोष जन्मजात आहे. संकेतात कोणत्या वारंवारता आहेत ते कळते, त्या केव्हा आल्या ते थेट दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके मिळत नाही. तानपुऱ्याची तार सेकंदभर घुमते म्हणून तिचा सूर नेमका सांगता येतो. तबल्यावरचा आघात क्षणात संपतो, म्हणून त्याच्या वारंवारता पसरलेल्या असतात. हायझेनबर्ग यांचे १९२७ चे अनिश्चिततेचे तत्त्व गणिताच्या बाजूने हेच बंधन आहे, कारण कणाचे स्थान आणि संवेग यांची फलने परस्परांची फूरिये रूपांतरे असतात.

या बंधनात राहून सौदा बदलता येतो. तेलाच्या शोधात भूगर्भातले प्रतिध्वनी तपासणारे फ्रेंच अभियंते जाँ मोर्ले यांनी छोट्या, ताणता-आवळता येणाऱ्या लहरी वापरल्या. दाट लहरी आखूड, विरळ लहरी लांब. इव्ह मेयर आणि इन्ग्रिड डोबेशी यांनी त्यांना भक्कम गणित दिले आणि वेव्हलेट रूपांतर उभे राहिले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या वेधशाळेला मिळालेला गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत सुमारे ०.२ सेकंद टिकला आणि तेवढ्यात ३५ हर्ट्‌झपासून २५० पर्यंत चढला. काही मिनिटांतच तो प्रथम ओळखला तो वेव्हलेटवर आधारलेल्या पद्धतीने. मग अपेक्षित आकाराशी ताडून पाहणाऱ्या पद्धतीने त्याची खात्री झाली. त्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या संशोधन केंद्रातील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ चे काम येते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे लायगोची भारतीय वेधशाळा उभारायची आहे.

पाऊस का निसटतो

वातावरणातही लहरी आहेत, आणि हवामानाची अनेक मोठी प्रारूपे, युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राचे धरून, गोलावरच्या लहरींतच गणित करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालवलेल्या जीएफएस टी१५३४ या प्रारूपाच्या नावातला आकडा ठेवलेल्या लहरींची मर्यादा सांगतो. पण वारा वाऱ्यालाच वाहून नेतो. समीकरण अरेषीय आहे, त्यामुळे भरतीसारख्या लहरी आपापल्या वाटेने जात नाहीत, एकमेकींना ऊर्जा देतात-घेतात. म्हणून प्रारूप प्रत्येक पावलाला ये-जा करते: अवकलन लहरींच्या मांडणीत, गुणाकार आणि ढगांचे भौतिकशास्त्र जाळीच्या मांडणीत. ४०,००० किलोमीटरच्या परिघात १,५३४ लहरी म्हणजे सर्वांत आखूड लहर सुमारे २६ किलोमीटरची. गडगडाटी ढग काही किलोमीटरचा असतो. तो या मांडणीत मावतच नाही. त्याचा परिणाम अंदाजाने बाहेरून घालावा लागतो.

शिकलेली रूपांतरे

गेल्या दोन दशकांत प्रश्नच बदलला. २००६ च्या सुमारास इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रोमबर्ग, टेरेन्स टाओ आणि डेव्हिड डोनोहो यांनी दाखवले की एखादी प्रतिमा वेव्हलेटसारख्या मांडणीत मोजक्याच आकड्यांत मावत असेल, तर मोजमापेही बरीच कमी घेऊन ती परत मिळवता येते. एमआरआयचा वेळ त्यामुळे घटला. त्यानंतर यंत्रशिक्षण आले. आता मांडणी गणिती निवडत नाही. लाखो उदाहरणे पाहून न्यूरल नेटवर्क ती स्वतः बनवते. चित्रे जलद येतात आणि देखणी असतात.

इथे तिसरा प्रश्न सर्वाधिक जड होतो. जेपेगमध्ये कोणत्या लहरी फेकल्या हे तक्त्यात लिहिलेले असते. जीएमआरटीचे कोणते घटक मोजले नाहीत हे नकाशावर दाखवता येते. शिकलेल्या रूपांतरात गाळले काय आणि भरले काय, याची नोंदवही नसते. वैद्यकीय प्रतिमा बांधणाऱ्या अशा काही नेटवर्कांची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केली. मोजमापांतल्या बारीकशा बदलाने काही ठिकाणी संपूर्ण चित्र बिघडत होते आणि चित्रातला छोटा, पण रोगनिदानाला महत्त्वाचा बदल कधी कधी उमटतच नव्हता. म्हणून ही साधने टाकून द्यावीत असे नाही. पण रेडिऑलॉजिस्टसमोर ठेवलेल्या चित्रातला कोणता भाग मोजलेला आणि कोणता भरलेला, हे यंत्राने चित्राबरोबरच दाखवले पाहिजे, आणि रुग्णालयाने खरेदीच्या वेळी तेवढी अट घातली पाहिजे. जुन्या रूपांतरांकडे हा हिशेब आहे. नव्यांना तो द्यायला लावणे हे पुढच्या काळातल्या गणितज्ञांचे आणि अभियंत्यांचे मुख्य काम आहे.